चव्वेचाळिसाव्या वर्षी बर्फावरची परीक्षा



आम्हा नागपूरकरांना बर्फ माहीत तो गोळेवाल्याच्या रंध्यावरचा. त्या बर्फावर उभे राहून नाचायचे असते हे टीव्हीवर पाहिले होते, पण ते आपल्यासारख्यांसाठी नाही असेच मनात धरून होते. गेली अकरा वर्षे आम्ही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहतो. माझे मिस्टर गोदामात काम करतात आणि मी एका कार्यालयाच्या हिशेब विभागात कारकून आहे. नागपूरचे बी.कॉम. इथे तेवढ्यालाच उपयोगी पडले. रविवारी आपल्या समाजातील मुलांचा अभ्यासवर्ग घेते.

चार वर्षांपूर्वी त्या मुलांना घेऊन फ्लशिंग मेडोज उद्यानातील बर्फाच्या रिंकवर सहलीला गेले. मुले भुर्रकन आत गेली आणि मी कठडा धरून उभी. सात वर्षांची एक पोर जवळ येऊन म्हणाली, "मावशी, तुम्ही वर्गात सांगता की उत्तर चुकलं तरी हात वर करा. मग तुम्ही कठडा का नाही सोडत?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्या महिन्यात मी मोठ्यांच्या शिकवणी वर्गात नाव घातले.

आपल्याकडे मुले चाकांचे स्केट्स घालतात, तसे हे नाही. बुटाखाली पोलादी पाते असते, जेमतेम चार मिलिमीटर रुंद. ते खालून मधोमध किंचित पोखरलेले असते, म्हणून त्याला दोन धारा येतात, एक आतली आणि एक बाहेरची. सगळी विद्या या दोन धारांत आहे. पाते सपाट टेकले तर माणूस सरळ जातो, धारेवर झुकला तर गोल वळतो. पुढच्या टोकाला दाते असतात. उडी मारायला ते लागतात, पण नवशिक्याला तेच तोंडावर पाडतात. पहिल्या दिवशी कोचबाईंनी पडायलाच शिकवले. गुडघे वाकवून कुशीवर पडायचे आणि लगेच मुठी मिटायच्या, कारण मागून येणाऱ्याचे पाते बोटांवरून जाऊ शकते. एवढे शिकूनही दुसऱ्या हिवाळ्यात मनगट मुरगळले आणि दोन आठवडे डाव्या हाताने टायपिंग केले. साहेबांना जिन्यावरून घसरले असे सांगितले.

आईला मात्र खरे सांगितले. ती फोनवर म्हणाली, "पडशील तं हाड मोडन. या वयात काय करून राहिली तू?"

इथे एकवीस वर्षांवरील माणसांसाठी वेगळ्या परीक्षा आणि वेगळ्या स्पर्धा असतात. प्री-ब्राँझ, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आहेत आणि स्पर्धेत कोणत्या पायरीवर उतरायचे ते उत्तीर्ण झालेल्या परीक्षेवरून ठरते. अमेरिकेत मोठ्यांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९९५ साली विल्मिंग्टन शहरात झाली. त्यापूर्वी मोठ्या वयात शिकणाऱ्याने हौसेपुरते गोल फिरावे, एवढेच.

मी कारकून. जन्मभर फॉर्म भरले, स्वतःचेही आणि दुसऱ्यांचेही. जातीचा दाखला, रेशनकार्ड, शिष्यवृत्ती, व्हिसा. ज्याच्यावाचून काहीच अडत नव्हते असा हा पहिलाच फॉर्म. तो तीन आठवडे पर्समध्ये राहिला.

परीक्षेत संगीत नसते. शनिवारी सकाळी रिकाम्या बर्फावर एकटीने जायचे, परीक्षक कठड्यापलीकडे कागद घेऊन बसलेले. पहिला भाग रिंकच्या कडेने जोरात जाण्याचा, तो बरा झाला. मग धारांचा. एका पायावर बाहेरच्या धारेने अर्धवर्तुळ, पाय बदलून दुसरीकडे तेवढेच अर्धवर्तुळ, असे रिंकच्या रुंदीभर. तिथे माझा उजवा पाय सपाट पडला. सपाट पाते खरखरते, आणि त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू जाते. अर्ध्या तासाने चिठ्ठी हाती आली. तिच्यावर 'रिट्राय' लिहिले होते.

इथे नापास असा शब्द लिहीत नाहीत, पुन्हा प्रयत्न करा एवढेच. कॉस्टिंगच्या पेपरात एटीकेटी लागली होती, तेव्हाही मी रडले नव्हते. त्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत रडले. आपण उगाच आलो इथे, असे वाटले.

माझ्याच वर्गात बासष्ट वर्षांच्या एक निवृत्त परिचारिका आहेत, काळ्या समाजातील. त्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी मेबल फेअरबँक्स यांची गोष्ट सांगितली. मी पुढे वाचून खात्री केली. मेबल यांचा जन्म १९१५ सालचा. आईबापाविना वाढलेली मुलगी, याच न्यूयॉर्कमध्ये तिने सेंट्रल पार्कात लोकांना स्केटिंग करताना पाहिले. जुने स्केट्स मिळवले, ते पायाला मोठे होते, म्हणून आत कापूस कोंबला. रिंकच्या खिडकीवर काळी म्हणून तिला परत पाठवत. ती रोज येत राहिली, शेवटी व्यवस्थापकाने आत सोडले. पण परीक्षा आणि स्पर्धा क्लबांच्या हाती होत्या, आणि क्लब काळ्यांना सभासद करून घेत नसत. कला अंगात असून बाई कधी परीक्षकांसमोर उभ्या राहू शकल्या नाहीत. शो करून पोट भरले, पुढे लॉस एंजेलिसला मुले शिकवली. त्यांचा विद्यार्थी अटॉय विल्सन १९६६ साली राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटात पहिला आला. अमेरिकेचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा तो पहिला काळा स्केटर. वीस वर्षांनी, १९८६ मध्ये, डेबी थॉमस जगज्जेती झाली. मेबल यांचे नाव १९९७ साली सन्मानयादीत लागले आणि २००१ साली त्या वारल्या.

परिचारिकाबाई म्हणाल्या, "त्यांना कोणी रिट्रायसुद्धा लिहून दिलं नाही." मी चिठ्ठीची घडी करून पाकिटात ठेवली. ती अजून आहे.

मे महिन्यात पुन्हा बसले आणि उत्तीर्ण झाले. उजवा पाय कसा सुधारला, तर ऑफिसला जाताना आगगाडीच्या फलाटावर एका पायावर उभी राहत असे. लोक बघत, पण न्यूयॉर्कमध्ये लोक याहून विचित्र गोष्टी बघतात.

आता पहिली स्पर्धा. जास्तीत जास्त १ मिनिट ४० सेकंदांचा कार्यक्रम बसवायचा. त्यात माझी एक अर्ध्या गिरकीची उडी आहे, वॉल्ट्झ जंप म्हणतात तिला. पुढे तोंड करून उडायचे आणि दुसऱ्या पायावर पाठमोरे उतरायचे. उडणे फार कठीण नाही, पाठमोरे उतरताना खाली बघायचे नाही हे कठीण. शिवाय एक गिरकी, तिच्यात माझ्या मोजून तीन फेऱ्या होतात, चौथीला डोके फिरते. संगीत मात्र घरचे आहे. माझा भाचा नागपुरात गायन पार्टीत ऑर्गन वाजवतो. त्याने ढोलकी-बासरीची धून बरोबर ९८ सेकंदांत बसवून पाठवली आणि वर विचारले, "मावशी, शेवटी ढोलकी वाढवू का, पडली तर आवाज नाही येणार." पोशाखाचा प्रश्न होता. तोकडा झगा मला जमणार नव्हता. बायकांना आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २००४ पासून पँट चालते, हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. निळा अंगरखा मीच शिवला, गळ्याला मिस्टरांनी टिकल्या चिकटवल्या. रात्री दोन वाजेपर्यंत बसले होते बिचारे, काही वाकड्या लागल्या आहेत.

स्पर्धा येत्या शनिवारी. पात्यांना धार मंगळवारीच लावून आणली, कारण आदल्या दिवशी लावली तर पायाला तिची सवय होत नाही. आमच्या गटात चौघी आहेत. नाव पुकारणाऱ्यांनी माझे आडनाव कसे उच्चारायचे ते लिहून मागितले, मी इंग्रजीत तीन तुकडे करून दिले. रविवारच्या वर्गाची मुले येणार आहेत, ती कठड्याला बोलणारी पोरही. आता ती अकरा वर्षांची आहे.

इथे सकाळचे नऊ म्हणजे नागपुरात सायंकाळचे साडेसहा. भाचा मोबाईलवर दाखवणार म्हणून आईने शेजारच्या चार बायकांना बोलावून ठेवले आहे. काल तिचा फोन आला. पडण्याचे काही बोलली नाही. म्हणाली, "बर्फ आहे तिथं, आतून स्वेटर घालशील."