हप्त्याहप्त्याने मिळालेली संसद

वेल्सची संसद, सेनेद, कार्डिफच्या खाडीकाठी उभी आहे. पायऱ्या वेल्सच्याच पाटीच्या दगडाच्या, भिंती काचेच्या, वर लाटा उठाव्यात तसं लाकडी छत. सभागृहाच्या मधोमध हे छत निमुळतं होत आकाशात बाहेर पडतं. त्याच्या टोकावरचं टोपण वाऱ्याबरोबर फिरतं आणि आतली तापलेली हवा ओढून घेतं. वरच्या सज्जात बसलेला कोणीही काचेतून थेट खालच्या सदस्यांकडे पाहू शकतो. वास्तुकार रिचर्ड रॉजर्स यांनी आखलेली ही वास्तू १ मार्च २००६ रोजी खुली झाली. कारभार लोकांच्या नजरेखाली चालावा, हा तिचा स्वभाव मला फार भावतो.

जन्माच्या वेळी मात्र ही संसद जेमतेम वाचली. १९७९ च्या सार्वमतात वेल्सने तिला साफ नाकारलं होतं. १८ सप्टेंबर १९९७ ला पुन्हा कौल घेतला, तेव्हा मोजणीत रात्रभर विरोधकच पुढे होते. सगळ्यांत शेवटी कार्मार्दनशायरचा निकाल आला आणि ती ६,७२१ मतांनी तरली.

लंडनने त्या काळात सत्ता वाटली, पण प्रत्येकाला माप निराळं लावलं. स्कॉटलंडला पहिल्यापासून स्वतःचे कायदे करता आले. उत्तर आयर्लंडचं वाटप शांतता कराराच्या अटींनुसार झालं, तर इंग्लंडसाठी वेगळी संसद निघालीच नाही. वेल्सच्या संसदेच्या वाट्याला आलं ते लंडनच्या कायद्यांखालचे नियम लिहिणं. पुढचं सगळं तिने एकेक करून मागून घेतलं. २०११ च्या सार्वमतानंतर सोपवलेल्या विषयांत पूर्ण कायदे करता येऊ लागले, मग काही कर आले, २०२० मध्ये 'असेंब्ली' हे नाव जाऊन संसदेचा मान मिळाला.

मिळालं त्याचं तिने चीज केलं. हयातीत नकार नोंदवला नसेल तर अवयवदानाला संमती आहे असं धरावं, हा कायदा ब्रिटनमध्ये सगळ्यांत आधी तिने केला. १ डिसेंबर २०१५ पासून तो लागू झाला. इंग्लंड त्या वाटेवर २०२० मध्ये आलं.

तरीही पोलीस तिच्याकडे नाहीत, न्यायालयंही नाहीत. आठव्या हेन्रीने सोळाव्या शतकात वेल्सला इंग्लंडच्या कायद्यात मिसळून टाकलं, ती गाठ अजून सुटलेली नाही. आरोग्य तिचं आणि तुरुंग लंडनचे, म्हणून एकाच कैद्याचं औषधपाणी एका सरकारकडे आणि त्याच्या कोठडीची किल्ली दुसऱ्याकडे. वेल्सपेक्षा कमी लोकवस्तीच्या उत्तर आयर्लंडला पोलीस आणि न्याय २०१० मध्येच मिळाले. लॉर्ड थॉमस यांच्या आयोगाने २०१९ मध्ये वेल्सलाही न्यायव्यवस्था द्या असं स्पष्ट सांगितलं, पण लंडनने ते मानलं नाही. वाटप एकसारखं नसणं मला खटकत नाही. प्रदेशांच्या गरजा वेगळ्या, इतिहास वेगळे. पण कोणाला काय द्यायचं हे ठरवताना कसलंच सूत्र नसावं, हा अन्याय आहे.

रेल्वेचंच पाहा. लंडन ते बर्मिंगहॅम असा हायस्पीड मार्ग बांधला जातोय. त्याचा एक रूळही वेल्समध्ये पडत नाही. तरी सरकारदरबारी तो 'इंग्लंड आणि वेल्स'चा प्रकल्प. त्यामुळे या खर्चाच्या प्रमाणात स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडला निधीचा वाटा मिळतो, वेल्सला त्यातून काही नाही. स्कॉटलंडला रेल्वेमार्गांवर अधिकार आहेत, वेल्सला तसे नाहीत, हे त्यामागचं कारण. आणि इथे गरज काय आहे? उत्तरेतल्या बँगरहून आपल्या संसदेत यायला निघालेल्या सदस्याने रेल्वे धरली, तर गाडी त्याला इंग्लंडच्या हद्दीतून, श्रूजबरीवरून फिरवून कार्डिफला आणते.