दिसेल तेवढा रस्ता

मोटारसायकल चालवण्यातले कसब सरळ महामार्गावर फारसे पणाला लागत नाही. ते लागते घाटात, आणि विशेषतः चालक एकटा असताना. घोळक्याने जाणाऱ्याच्या पुढे कोणाच्या तरी गाडीचा मागचा दिवा असतो आणि त्या दिव्याच्या भरवशावर तो आपला वेग बेततो. एकट्याला अशी उसनी नजर मिळत नाही, त्यामुळे प्रत्येक वळणाचा हिशेब त्याला स्वतःच मांडावा लागतो.

भोरहून वरंधा घाटाने महाडकडे उतरणारा रस्ता या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. नीरा देवघर धरणाच्या पाण्याला बराच वेळ सोबत घेऊन तो हिरडोशीवरून घाटमाथ्याकडे चढतो आणि तेथून कोकणाच्या बाजूला एकाएकी कोसळू लागतो. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट अनेकदा बंद ठेवावा लागतो, म्हणून भातकापणीनंतरची, नोव्हेंबरमधली दुपार या रस्त्यासाठी सोयीची. मात्र तेव्हाही पावसाने वाहून आणलेली बारीक खडी वळणांच्या आतल्या कडेला साचलेली असते आणि गावांजवळ डांबरावर पडलेला भाताचा पेंढा चाकाखाली निसटतो. झाडांच्या सावल्यांचे पट्टे रस्त्यावर आडवे पडले, की खड्डा कोणता आणि सावली कोणती हे जवळ जाईपर्यंत उमगत नाही.

वळणावर गाडी कलते, त्या कलण्याला येथे झोक म्हणू. झोक किती लागेल हे वेग आणि वळणाची त्रिज्या यांवर ठरते, आणि वेगाचा परिणाम वर्गाच्या प्रमाणात वाढतो: 25 मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर ताशी 40 किलोमीटरला सुमारे 27 अंशांचा झोक पुरतो, तर ताशी 50 ला तो 38 अंशांच्या आसपास जातो. एवढ्या झोकात चाकाखाली मूठभर खडी आली तरी टायरची पकड सुटू शकते. झोक देण्याची क्रियाही नवख्याला उफराटी वाटते, कारण डावीकडे वळण्यासाठी हँडलची डावी मूठ किंचित पुढे रेटावी लागते. त्या उलट रेट्याने पुढचे चाक क्षणभर उजवीकडे वळते, गाडी डावीकडे कलते आणि मग वळणाला लागते.

ब्रेकचा हिशेबही असाच वर्गाचा आहे. भान येऊन ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर कोरड्या, चांगल्या डांबरावर ताशी 40 वरून थांबायला साधारण 20 मीटर लागतात आणि ताशी 60 वरून 37 च्या घरात. म्हणून जाणता चालक वेग वळणाआधीच, गाडी सरळ असताना कमी करतो, उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनाच्याच अडवणुकीने गाडी आवरून धरतो, आणि नजर चाकापुढच्या खडीवर खिळू न देता वळणाच्या दिसणाऱ्या शेवटच्या टोकावर ठेवतो, कारण गाडी नजरेमागून जाते. आंधळ्या वळणावर ते टोकच दहा-पंधरा मीटरवर येते. पलीकडे एसटी असेल, म्हशी असतील किंवा काहीच नसेल, पण दिसेल तेवढ्या रस्त्यात थांबता येईल इतकाच वेग तेथे चालकाच्या हक्काचा असतो.

एकटेपणाचा खरा उपयोग येथे दिसतो. मागून घाई करणारे कोणी नसते आणि पुढे ज्याच्याशी बरोबरी करावी असेही कोणी नसते, त्यामुळे चुकलेले वळण चुकले म्हणून लगेच कळते आणि पुढच्या वळणावर ते सुधारता येते. परतीच्या वाटेवर सूर्य पाठीशी येतो आणि रस्ता लख्ख दिसू लागतो, पण त्याच वेळी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन असते आणि त्याला ही गाडी दिसत नसते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर दिसणारा रस्ता हेडलाइटच्या झोतापुरता उरतो. तेव्हा घाटातल्या वाघजाईच्या देवळापाशी भजी आणि चहा झाला, की साडेचारच्या आत गाडी भोरकडे वळवावी.