काठावर उभा

"तू लहानपणापासून बघितलंयस. एवढंच सांग," काकू म्हणाली.

शेजाऱ्याने दरसाल एकेक तास आत घेत बांध कोरत आणला होता. हद्दीचा दगड कधीच गायब झालेला. ज्या बाभळीखाली बसून मी काकूच्या हातची भाकरी खाल्ली, ती आता त्याच्या ज्वारीत उभी होती. चार माणसं जमली होती आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मला यात ओढू नका. मी तटस्थ आहे."

त्या दिवसापासून हा शब्द माझी पाठ सोडत नाही. तट म्हणजे काठ. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. पाण्यात उतरलेल्याला फक्त ओढ जाणवते. धार कुठे वळली, कोण गटांगळ्या खातंय, ते काठावरून दिसतं. 'त्रयस्थ' म्हणजे दोघांपलीकडचा तिसरा, आणि भांडणारे त्याच्याकडे जातात ते त्याने बोलावं म्हणूनच. 'उदासीन' हा शब्द तर आपण पार खिन्नतेत नेऊन बसवला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला उदासीन राजा जिंकू पाहणारा विजिगीषू, त्याचा शत्रू आणि मध्यम राजा या सगळ्यांहून बलवान असतो. बाजूला बसण्याइतकं बळ त्याच्यापाशी असतं. त्या बांधावर शिकलेला, शहरात नोकरी असलेला, कुणाचं काही लागत नसलेला असा मी एकटाच होतो.

मला बलराम आठवतो. भीम आणि दुर्योधन दोघेही त्याचे गदेतले शिष्य. कुणाच्याच बाजूने लढायचं नाही म्हणून तो सरस्वतीच्या काठाने तीर्थयात्रेला गेला, अक्षरशः तटस्थ. 42 दिवसांनी परतला तो थेट दोघांच्या गदायुद्धाला. भीमाने मांडीवर घाव घातला तसा तो नांगर उगारून धावला. गदायुद्धात नाभीखाली मारायचं नसतं. त्याचा जीव दुर्योधनात अडकलेला होता, हे खरं. पण घाव नियमाबाहेरचा होता, हेही तितकंच खरं. त्याचं ते ओरडणं मला तटस्थपणाला सोडून वाटत नाही. काठावर राहिलेल्या माणसाने बघितलेलं सांगितलं, इतकंच.

मलाही तेवढंच सांगायचं होतं. बाभूळ कुठे होती, एवढं एक वाक्य.

काकू अजून दर संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवते. बांधाचा विषय तिने पुन्हा काढला नाही.