पहाटेची धाव

पहाटेचे पाच वाजायला अजून अवकाश असतो. माण तालुक्यातील एखाद्या खेड्यात या वेळी चूल पेटलेली नसते. गोठ्यात गुरे निवांत रवंथ करीत बसलेली असतात. अशा वेळी एका घराची कडी हलकेच निघते आणि दोन पावले अंगणाबाहेर पडतात. घरात कोणी जागे होऊ नये ही पहिली काळजी, आणि वेशीवरच्या कुत्र्याने ओळख विसरू नये ही दुसरी!

माण हा सातारा जिल्ह्यातील दुष्काळी मुलूख. पावसाने येथे नेहमीच हात आखडता घेतला. परंतु याच तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीपर्यंत गेली आणि दहावी आली. तिचे नाव येथल्या मुलांच्या ओठांवर असते. पण पहाटे धावणाऱ्या बहुतेकांचे ध्येय त्याहून जवळचे असते. पोलीसभरतीत तरुणांना १६०० मीटर धावून दाखवावे लागते. त्या चार फेऱ्यांवर कित्येक घरांची आशा टांगलेली असते.

आरंभीची धाव काही सुखाची नसते. अंग जड वाटते, श्वास तोकडा पडतो. हृदय आणि फुप्फुसे यांना पायांचा वेग गाठायला थोडा वेळ लागतोच. मग मात्र केव्हातरी श्वास आणि पावले यांची लय जुळते, आणि धावणाऱ्याला आपण धावत आहोत याचाही विसर पडतो. दवाने बसलेली धूळ पायांना थंड लागते. तारेवर बसलेला कोतवाल इतर पाखरांच्या आधी बोलू लागतो. दूर माळावर तित्तिराची साद उठते. दिवसा हे आवाज कोणाच्या कानी पडतात?

अंधाराला पुरते सरावण्यास डोळ्यांना सुमारे अर्धा तास लागतो. विजेरी विझवली, की वाट हळूहळू आपण होऊन दिसू लागते. मात्र अंधुक उजेडात पाहणाऱ्या डोळ्यांतील पेशींना रंग ओळखता येत नाहीत. म्हणून देवळाच्या कुंपणावरील तांबडी जास्वंद जाताना काळी दिसते. परतताना पूर्व उजळलेली असते आणि तेच फूल लालभडक होऊन उभे असते. झोप गोड असते हे खरेच. पण झोपणाऱ्याला हे काळ्याचे लाल होणे कधी दिसत नाही.

अशाच एका गावातील एक तरुण वर्षभर या वाटेवर धावला. गावाबाहेरच्या बाभळीपर्यंतचे अंतर त्याने मोजून ठेवले होते. ती गाठली, की तो मनगटावरचे घड्याळ थांबवी आणि मागे फिरे. भरतीच्या दिवशी तो थोडक्या सेकंदांनी मागे पडला. त्यानंतर कित्येक दिवस तो पहाटे उठला नाही. घरात कोणी विषय काढला नाही. आईने कोनाड्यातले बूट तेवढे झटकून ठेवले.

एके पहाटे त्याला आपोआप जाग आली. घड्याळ उशाशी ठेवूनच तो बाहेर पडला. नेहमीची वाट, नेहमीचा गारवा. बाभूळ आली आणि मागे पडली, तरी तो थांबला नाही. बाभळीच्या पलीकडे एक कोरडा ओढा आहे आणि ओढ्याकाठी बाजरीचे शेत आहे, हे त्याला ठाऊक होते. पण त्या वेळी, त्या उजेडात, ते त्याने कधी पाहिले नव्हते. कणसांवर दव होते. तो तेथे उभा राहिला, श्वास शांत होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी घड्याळ पुन्हा मनगटावर आले. पुढची भरती यायची होतीच. फक्त एक बदल झाला. बाभूळ गाठल्यावर तो घड्याळ थांबवी, आणि मग ओढ्यापर्यंत तसाच धावत जाई.