विवाहासाठीं एक स्तोत्र

सनई-चौघड्यावांचून लग्नघर सुनें वाटतें, हें आपण सर्व जाणतों. येथें मंगल कार्य आहे, असें तीं वाद्यें साऱ्या गांवाला कळवितात. ख्रिस्ती विवाहांत आणखी एका संगीताला स्थान आहे. तें गांवाला हांक मारीत नाहीं. वधूवरांसाठीं प्रार्थना करितें. लहानशा मंदिरांत किंवा घराच्या ओटीवर वाजविण्याजोगें असें थोड्या वाद्यांचें संगीत आमच्या भाचीच्या विवाहासाठीं रचण्याचा योग आम्हांस आला.

युरोपांत ही परंपरा जुनी आहे. जर्मनींतील योहान क्रिस्टोफ बाख (१६४२–१७०३) ह्यांनीं गीतरत्नांतील वचनें घेऊन एक विवाहसंगीत रचिलें. चार गायक, एक व्हायोलिन, तीन व्हायोला व खालचे स्वर धरणारीं वाद्यें, एवढाच त्याचा परिवार. त्याच्या एका भागांत खालच्या स्वरांची लहानशी ओळ पुनःपुन्हां येते आणि वरचें गायन प्रत्येक फेरींत नवें रूप घेतें.

त्यांच्याही पूर्वीं, १६१९ सालीं, ड्रेस्डेन दरबारचे संगीतकार हाइनरिख श्युट्स ह्यांनीं लाइपझिग येथें आपल्या भावाच्या लग्नासाठीं १३३ वें स्तोत्र स्वरबद्ध केलें. त्यांचा स्वतःचा विवाहही त्याच वर्षीं झाला होता. पुढें सहाच वर्षांनीं त्यांची पत्नी वारली. तेव्हां स्तोत्रसंहितेच्या पद्यरूपांना साध्या चाली देण्याच्या कामांत त्यांना सांत्वन लाभलें; तीं स्तोत्रें १६२८ सालीं प्रसिद्ध झालीं. हर्षाच्या दिवशीं जो ग्रंथ उघडला, तोच त्यांनीं शोकांतही उघडला.

ह्या गोष्टीनें आम्हांस वाट दाखविली. कारण भाचीचे वडील दोन वर्षांपूर्वीं निवर्तले होते. सायंप्रार्थनेच्या वेळीं घरांत पेटी वाजवीत ते तेच. आमची थोरली बहीण म्हणाली, "लग्नांत रडगाणें नको रे, पण त्यांना वगळूंही नकोस."

आम्हीं १२८ वें स्तोत्र निवडिलें. त्यांत द्राक्षवेल आहे, मेजाभोंवतीं जैतुनाचीं रोपें आहेत आणि शेवटीं नातवंडें पाहण्याचा आशीर्वाद आहे. राग भूप घेतला. त्यांत मध्यम व निषाद वर्ज्य असल्यामुळें उरलेल्या पांच स्वरांत कोठेंही अर्धस्वराचें अंतर पडत नाहीं. म्हणून दोन व्हायोलिनें निरनिराळ्या ओळी वाजवूं लागलीं तरी कानाला बोंचत नाहींत. नारायण वामन टिळकांनीं (१८६१–१९१९) भजनाच्या वळणाची ख्रिस्तस्तुति मराठी मंडळीला दिली, तेव्हां देशी राग मंदिरांत परका वाटण्याचें कारण नव्हतें.

खालची ओळ आम्हीं पेटीला दिली: सा, ध, प, सा. आरंभापासून अंतापर्यंत एवढेच स्वर. पेटी भाऊजींचीच होती, आणि वाजविली त्यांच्या धाकट्या मुलानें. वर व्हायोलिनें हंसतात, एकमेकांचा पाठलाग करितात, गाणारी मुलगी त्यांत मिसळते. मग एका फेरींत सर्व थांबतात आणि एकटी पेटी ऐकूं येते. त्यानंतरच नातवंडांचा तो आशीर्वाद मंद लयींत उमटतो. भाऊजींना जें पाहावयास मिळालें नाहीं, तें बहिणीला मिळो, एवढीच त्या लयींतील आमची विनंति.

विवाहाच्या दिवशीं पेटी एकटी राहिली, तेव्हां मंडळींतील एका वडीलधाऱ्यांस वाटलें कीं, वाजविणारे चुकले. त्यांनीं हळूच मान वळवून पाहिलें. बहिणीनें मात्र पदर सांवरला, डोळे मिटले, आणि व्हायोलिनें पुन्हां सुरू होतांच ती हंसली. रडगाणें झालें नव्हतें, आणि कोणी वगळलेंही गेलें नव्हतें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांपैकीं कित्येक पेटी किंवा व्हायोलिन शिकत असाल. कोणाच्या लग्नासाठीं कांहीं रचण्याची संधि आली, तर मोठा वाद्यवृंद नाहीं म्हणून मागें सरूं नका. प्रथम त्या घरीं जाऊन बसा. घरांत कोण आहे आणि कोण नाहीं, हें विचारा. स्वर त्यानंतर शोधावे.