तिघांची होडी

दोघांसाठी कनू निवडायला फार डोकं लागत नाही. चौघं असले तर दोन होड्या. तीनचा आकडा मात्र कुठल्याच होडीत नीट बसत नाही. जूनच्या शेवटी मी, दादा आणि सोळा वर्षांची भाची असे तिघं मिनेसोटाच्या उत्तरेला बाउंडरी वॉटर्समध्ये जाणार आहोत. परवाना हातात आहे, नकाशे भिंतीवर आहेत. होडीचं अजून ठरत नाही, म्हणून ही टिपणं.

*

जागा कशी आहे ते आधी लिहून ठेवते, कारण होडी जागेवरून ठरते. सुमारे 11 लाख एकर जंगल, हजाराहून जास्त तळी, आणि पलीकडे कॅनडाचा क्वेटिको. 1964 च्या वाइल्डरनेस कायद्याने या भागाला संरक्षण मिळालं, 1978 मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. आत रस्ते नाहीत, बहुतेक तळ्यांवर इंजिनाला बंदी. एका परवान्यावर जास्तीत जास्त 9 माणसं आणि 4 होड्या. म्हणजे तिघांनी तीन होड्या नेल्या तरी नियम आड येत नाही. आड येते ती तळ्यांमधली जमीन.

*

एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर मधल्या पायवाटेने होडी आणि सामान खांद्यावर घेऊन चालायचं. हे पोर्टेज. नकाशावर त्याची लांबी रॉडमध्ये देतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका होडीएवढा. शंभर रॉड म्हणजे अर्धा किलोमीटर. दगड, मुळं, चिखल, चढउतार सगळं त्यात.

हिशेब मांडून पाहिला. एक लांब होडी, दोन मोठ्या सॅक, एक लहान सॅक. एकाच्या खांद्यावर होडी, दोघांच्या पाठीवर मोठ्या सॅक, आणि होडीवाल्याच्याच पाठीला लहान सॅक. सगळं एका खेपेत पार. आता दोन होड्या घेऊ, एक दोघांची आणि एक एकट्याची. दोघं होड्या उचलणार, तिसरा एक मोठी सॅक. दुसरी मोठी सॅक मागेच राहिली. तिच्यासाठी कुणीतरी रिकाम्या हाताने परत जायचं आणि पुन्हा यायचं. त्याचं अर्ध्या किलोमीटरचं पोर्टेज दीड किलोमीटरचं झालं. दिवसात अशी चार पोर्टेजं आली तर संध्याकाळी तंबूची जागा शोधायला उजेड उरत नाही.

पाण्यात होडी कशी चालते यावर सगळे भरभरून बोलतात. जंगलातल्या तळ्यांसाठी होडी निवडायची तर आधी ती जमिनीवर कशी चालते ते बघावं, असं माझं ठाम मत झालं आहे.

*

दादाचा गुडघा. पंचविशीत त्याने हरिश्चंद्रगड, नळीची वाट, राजमाची सगळं पालथं घातलं. उतारांनी गुडघा घेतला. तो सांगणार नाही, पण तीस किलोची होडी त्याच्या खांद्यावर द्यायची नाही. म्हणजे ती माझ्या खांद्यावर, आणि मग वजन हा पहिला निकष.

*

वजनं. सतरा फुटी अ‍ॅल्युमिनिअमची होडी तीस-बत्तीस किलो. प्लॅस्टिकची त्याहून जड, चाळीसच्या घरात. तेवढ्याच लांबीची केव्हलारची वीसच्या आतबाहेर. तीन बैठकांची, वीस फुटी केव्हलारची होडी तेवीसच्या आसपास.

केव्हलारचा धागा स्टेफनी क्वोलेक यांनी ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत 1965 मध्ये शोधला. गोळी अडवणाऱ्या जाकिटांमुळे त्याचं नाव झालं. पण पन्नाशी ओलांडलेल्या बाईला वीस फुटी होडी एकटीने डोक्यावर घेता येते, हेही त्याच धाग्यामुळे. मला त्याचं अप्रूप वाटतं.

*

अ‍ॅल्युमिनिअमच्या होड्यांबद्दल वाईट लिहिणार नाही. दुसरं महायुद्ध संपताना ग्रमन या विमानं बनवणाऱ्या कंपनीने त्या काढल्या, विमानाच्याच पत्र्याच्या आणि रिव्हेटच्या. कॅम्पच्या मुलांच्या कितीतरी पिढ्या त्यात वल्हवायला शिकल्या. उन्हात ठेवा, दगडावर आपटा, काही होत नाही. जुन्या पोर्टेजांच्या तोंडाशी खडकांवर चंदेरी ओरखडे दिसतात ते या होड्यांचे. फक्त आवाज. वल्हं काठाला लागलं की पातेलं घासल्यासारखा आवाज तळंभर जातो, आणि लून पक्षी बुडी मारून दिसेनासे होतात.

*

सतरा फुटी दोघांची होडी घेऊन तिसऱ्याला मध्ये सॅकवर बसवायचं, हा सगळ्यात स्वस्त मार्ग. पुष्कळ लोक तसंच करतात. भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, “आत्या, मी काय सामान आहे का?”

तिचं बरोबर आहे. आठवडाभर हातात वल्हं नसेल तर तिला त्या पाण्याची ओळख होणार नाही. वारा कुठून येतो, लाट आडवी आली की होडी कशी वळते, हे अंगाला कळावं लागतं. बसून बघणाऱ्याला थंडीही जास्त वाजते. आणि सॅकवर बसलेलं माणूस उंच बसतं, त्याने होडीचा तोल वर सरकतो.

*

फर व्यापाराच्या काळात याच तळ्यांतून व्होयाजर लोक भूर्जाच्या सालीच्या पंचवीस फुटी होड्या वल्हवत जात. नव्वद पौंडांचं एकेक गाठोडं, आणि पोर्टेजवर एका माणसाने अशी दोन उचलायची. पुढच्या आणि मागच्या टोकाच्या माणसांना पगार जास्त, मधल्यांना कमी. पण मधले रिकामे कधीच बसत नसत. होडी पळायची ती त्यांच्या वल्ह्यांवर.

त्या होड्या मूळ ओजिब्वे आणि त्यांच्या शेजारच्या लोकांच्या. भूर्जाची साल, सीडरच्या फासळ्या, स्प्रूसच्या मुळांची शिवण, आणि फटी बुजवायला राळ. फाटली तर दुरुस्तीचं सगळं सामान काठावरच्या झाडांत. आजच्या प्रत्येक कनूचा आकार त्यांच्याकडून आलेला आहे. ओजिब्वे लोक आजही इथे आहेत, तळ्यांतला जंगली तांदूळ आजही कनूतून झोडून गोळा करतात. या प्रदेशाला निर्मनुष्य म्हणताना हे डोळ्यांसमोर असावं.

*

ओझं. मी 58, दादा 84, भाची 52, सामान आणि आठवड्याचं अन्न 70. एकूण 264 किलो. कंपन्या होडीची जी क्षमता छापतात ती पाण्याच्या वर सहा इंच काठ उरेपर्यंतची असते. सपाट पाण्यावर सहा इंच पुष्कळ वाटतात. तळं दोन मैल लांब असेल आणि पश्चिमेचा वारा सुटला असेल तर लाट तेवढा काठ सहज ओलांडते. म्हणून छापील आकड्याच्या निम्म्या-दोनतृतीयांशावर थांबावं. सतरा फुटीत आमचं ओझं त्या रेषेच्या पलीकडे जाऊ लागतं. वीस फुटीत अलीकडे राहतं.

*

खाण्यापिण्याचे पत्र्याचे सीलबंद डबे आणि काचेच्या बाटल्या आत न्यायला बंदी. लोणचं प्लॅस्टिकच्या बरणीत. पोहे, मेतकूट, मुगाची डाळ, भाजणी, सगळं कोरडं. अस्वलापासून जपायचा अन्नाचा डबा होडीत तळाशी, मधोमध.

*

नदीचा प्रवास असता तर मी हे काहीच लिहिलं नसतं. खडकाळ, वेगाच्या पाण्यात वीस फुटी सरळ होडी वळत नाही. तिथे तळाला बाक असलेली, दोन्ही टोकं उचललेली सोळा फुटी हवी. कॅनडाचे चित्रपटकार बिल मेसन ज्या प्रॉस्पेक्टर धाटणीच्या होडीवर जन्मभर प्रेम करत राहिले, तशी. आणि दगडाचा मार खाईल असं प्लॅस्टिक. रॉयलेक्स नावाचं अशा होड्यांचं लाडकं मिश्रण दहाएक वर्षांपूर्वी बनायचं बंद झालं, तेव्हापासून जुन्या होड्या लोक जपून ठेवतात.

*

रविवारी ओळखीच्यांची तीन बैठकांची होडी घेऊन लेक हॅरिएटवर गेलो. मिनेसोटातल्याच विनोना गावात बनलेली, पिवळसर, उन्हाकडे धरली की आतून धाग्यांची वीण दिसते.

आधी उचलून पाहिली. काठ धरून मांड्यांवर घेतली, पलीकडचा काठ पकडला, गुडघ्याने ढकलून एका झोक्यात डोक्यावर. मधल्या जोखडाच्या उशा खांद्यांवर बसल्या. वजन पेलण्यासारखं आहे. लांबीची मात्र सवय करावी लागेल: मी वळले की पुढचं टोक वळतं आणि मागचं दहा फुटांवर उलट्या बाजूला जातं. आत आपलाच आवाज घुमतो आणि डास येऊन बसतात, हात मोकळा नसतो. पुढचं टोक थोडं वर धरलं की वाट दिसते.

पाण्यात भाची मध्ये बसली. मधली बैठक होडीच्या सगळ्यात रुंद भागात, त्यामुळे वल्हं पाण्यापर्यंत न्यायला तिला बाहेर वाकावं लागत होतं. बैठक सरकवून एका काठाशी घेतल्यावर आणि लांब वल्हं दिल्यावर जमलं. दादा पुढे, मी मागे. थोड्या वेळात तिघांची लय लागली आणि होडी एकदम हलकी झाली. बाजू बदलायची हाक देण्याचं काम भाचीकडे दिलं. “हट्” म्हटलं की तिघांनी वल्हं दुसऱ्या हातात घ्यायचं. ही हाक आणि वाकड्या दांड्याचं वल्हं, दोन्ही मिनेसोटाच्या शर्यतींमध्ये रुळलेली. वाकडं वल्हं जीन जेन्सन यांनी 1971 मध्ये काढलं.

*

दोन होड्यांच्या बाजूने एक मुद्दा उरतोच, आणि तो हलका नाही. एक होडी उलटली तर दुसरी मदतीला येते. एकच असेल तर तिघंही पाण्यात. मे महिन्यात, बर्फ नुकतंच वितळलेलं असताना, मी एका होडीवर तीन माणसं नेली नसती. जूनच्या शेवटी पाण्याचा गारठा बराच कमी झालेला असतो. तरीही नियम ठरवले: लाइफ जॅकेट अंगातून काढायचं नाही, मोठं तळं सकाळी लवकर पार करायचं, काठाकाठाने जायचं, लाटांवर पांढरा फेस दिसला की उतरून थांबायचं. त्यासाठी एक दिवस जास्तीचा धरला आहे.

उलट बाजूही आहे. एकट्याच्या होडीत कुणाला बसवू? भाचीला नाही. दादाला वाऱ्यात एकट्याने होडी सरळ ठेवता येणार नाही. म्हणजे मी, आणि मग ते दोघं नवखे एका होडीत, मागे सुकाणू धरणारं कुणी नाही. तिघंही सारख्या तयारीचे असते तर मी एक अधिक दोन असंच घेतलं असतं आणि रोज अदलाबदल केली असती.

*

मार्ग: लेक वनपासून टू, थ्री, फोर, मग हडसन, आणि जमलं तर इन्सुला. सुरुवातीची पोर्टेजं लहान, हडसनमधून इन्सुलात जायला शंभरेक रॉडचं. थ्री आणि फोरच्या काठांवर 2011 ची पगामी क्रीकची आग फिरली होती. 90 हजार एकरांहून जास्त जंगल जळलं. आता तिथे कोवळे पाइन दाटीने उभे आहेत. दादाला ते दाखवायचं आहे.

*

ईली गावातल्या, होड्या भाड्याने देणाऱ्या दुकानाला फोन केला. तीन बैठकांची वीस फुटी केव्हलार आमच्या नावावर ठेवली. तीन वल्ही आणि एक जास्तीचं, मधलं चार इंच लांब. केव्हलारची होडी खडकावर चढवायची नसते, काठाला लागायच्या आधी गुडघाभर पाण्यात उतरून ती तरंगतीच धरायची. म्हणून दादाला सांगितलं, बूट भिजले तरी चालतील असे आण. तो म्हणाला, “पुण्याचा पाऊस बघितलेले बूट आहेत माझे.” गुडघ्याचा पट्टाही आण, असं वहिनीला वेगळा फोन करून सांगितलं.