साबण लागण्याआधी

नवापूरकडच्या वॉशिंग सेंटरवर गेलो की मालक आधी खर्च विचारतो आणि मी आधी विचारतो, गाड्या कशानं धुता? तो बुचकळ्यात पडतो. त्यानं बोलावलेलं असतं नाल्यात जाणाऱ्या काळ्या पाण्यासाठी, आणि मी पावडरीच्या गोण्या उघडून बघत बसतो.

कोंडाईबारीचा घाट उतरून आलेले ट्रक या पट्ट्यात थांबतात. चेसिसवरचं ग्रीस, गळलेलं इंजिन ऑइल, थोडं डिझेल असं सगळं फवाऱ्याखाली सुटतं. इथलं पाणी रंगावलीला मिळतं आणि पुढे उकाईच्या जलाशयात जातं. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीस लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या आत हवं, असा नियम आहे. डोळ्यांना स्वच्छ दिसणारं पाणीही या परीक्षेत नापास होऊ शकतं.

तेल मोकळं असेल तर काम सोपं. ते आपणहून वर येतं, फक्त थेंब मोठे हवेत. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की वर चढण्याचा वेग चौपट होतो. त्यासाठी टाकीत पॉलिप्रोपिलीनच्या नालीदार पाट्या तिरप्या बसवतात. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२.८ मिलिन्यूटन प्रति मीटर. या प्लास्टिकची पृष्ठऊर्जा ३० च्या आसपास, आणि डिझेलसारख्या तेलांचा ताण त्याच घरातला किंवा थोडा कमी. म्हणून पाणी पाटीला धरत नाही, तेल मात्र पसरून बसतं. पाटीच्या खालच्या अंगाला थेंबाला थेंब चिकटतो, जाड होतो आणि उतारानं वर सरकतो. ही पाटी तेल पीत नाही, त्याला फक्त एकत्र यायला जागा देते. मला हे साधन आवडतं. कुणी त्याचं कौतुक करत नाही, आणि ते वर्षानुवर्षं चालतं.

त्याच प्लास्टिकच्या तंतूंची पॅडं तेल पितात. पण त्यांची जाहिरात ऐकली की मला आमचा कापूस आठवतो. सरकी काढलेला, न धुतलेला कापूस पाण्यावर टाकून पाहा, तरंगत राहील. दवाखान्यातला कापूस घोटभर पाणी पिऊन बुडेल. दोन्ही सेल्युलोजच, म्हणजे निसर्गानं विणलेलं पॉलिमर. फरक एवढाच की दवाखान्यातल्या कापसावरचं मेण कॉस्टिकमध्ये उकळून काढलेलं असतं. २०१३ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या संशोधकांनी दाखवलं की अपुऱ्या पिकलेल्या, कमी मायक्रोनेअरच्या (तंतूची जाडी आणि पक्वता सांगणारं माप) कच्च्या कापसाचा एक पौंड तीस पौंडांहून जास्त कच्चं तेल धरतो. बाजारात ज्याला भाव नाही तोच कापूस इथे सरस! आमच्याकडे फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात ठेवलेल्या कापसाच्या, वेचणीत असा माल पुष्कळ निघतो. (फरदड घेऊ नका, बोंडअळी पोसली जाते, हे कृषी खात्याचं सांगणं बरोबरच आहे, निघालेल्या मालाचं बोलतोय.)

प्रयोगशाळेतल्या जाळ्यांचीही गंमत आहे. २००४ मध्ये चिनी संशोधकांनी स्टीलच्या जाळीवर टेफ्लॉनचा खडबडीत थर दिला. डिझेल आरपार गेलं, पाणी वरच अडलं. कागदावर झकास. पण पाणी जड. ते खाली बसून जाळीवर थर धरतं आणि तेलाची वाट अडवतं. शिवाय जाळी तेलानंच बरबटते. २०११ मध्ये उलटा डाव आला: जाळीवर पॉलिअॅक्रिलअमाइडचं पाणी धरणारं जेल. आता पाणी खाली उतरतं आणि ओल्या जेलवर तेल टेकतच नाही. मला ही दुसरी चाल जास्त पटली, कारण सांडपाण्यात पाणीच जास्त असतं. ज्याचा लोंढा मोठा त्याला वाट द्यावी.

आणि या सगळ्यावर मालकाची पावडर पाणी फिरवते. साबणाचा रेणू एका टोकानं तेल धरतो, दुसऱ्या टोकानं पाणी. थेंब बारीक होतात, एकमेकांना ढकलतात, टाकी दुधाळ दिसते. मग पाटीवर काही जमत नाही आणि पॅडही अर्धवट भिजतं. कापसाचीही तीच गत. पृष्ठभागाला निवड करायला काही उरतच नाही. तिथे तुरटी घालून, पीएच सांभाळून, वर पॉलिइलेक्ट्रोलाइट देऊन ते दूध फाडावं लागतं. त्यातून तेलकट गाळ निघतो, तो घातक कचरा. म्हणून मी सांगतो, ग्रीस आधी खरवडा, चिंधीनं पुसा, इंजिनखालचं फक्त पाण्यानं धुवा, ते पाणी वेगळ्या टाकीत घ्या. साबण शेवटी, केबिनपुरता. रॅम्पवरच्या पोरांना हे पटतं. मालकाला पटायला वेळ लागतो, कारण फेस दिसला की गिऱ्हाइकाला गाडी धुतली गेल्यासारखं वाटतं.

पॅड घ्यायचं की पाट्या, हे मी गावाप्रमाणे ठरवतो. पाटीवरून निथळलेलं काळं ऑइल पिंपात साठतं. त्याला पैसे मिळतात, म्हणून मालक पिंप जपतो आणि ते परवानाधारक रिफायनरवाल्याकडे पोचवणं जमतं. तेल प्यायलेलं पॅड कोणी विकत घेत नाही. ते उचलणारी गाडी ठरल्या दिवशी येईल अशी खात्री असेल तर पॅड द्यावं. आडवळणाच्या सेंटरवर ते नाल्याच्या काठावर पडतं किंवा हिवाळ्यात शेकोटीत जातं, म्हणून तिथे मी पाट्याच बसवतो.